करुणा सिस्टर आणि राजाची शपथ

सावंगीत आमचं घर दवाखान्याच्या रस्त्यावर, त्यामुळे वरच्या दोन खोल्या कधी रिकाम्या राहत नाहीत. शिकणारी पोरं आली, डॉक्टरीणबाई आल्या, एक मास्तर आले ते पेटी घेऊन आले आणि रोज संध्याकाळी आमचं डोकं उठवून गेले. त्यातल्या अर्ध्यांची नावंही आता आठवत नाहीत. पण जिन्यावर चपला वाजल्या की अजून मला वाटतं, करुणा सिस्टर उतरली ड्यूटीला. ती आता इंग्लंडच्या फौजेत आहे. हो, फौजेत. माझ्या मोठ्या जावेला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "दवाखान्यात म्हणायचं असेल तुले." दवाखान्यातच, पण फौजेच्या. नवरा आणि पोरगी घेऊन गेली.

खोली पाहायला आली तेव्हा मी तिला नाव विचारलं. ती म्हणाली, करुणा. मी म्हटलं, "पूर्ण सांग ना बाई." पूर्ण नावात मला काय ऐकायचं होतं ते मलाही माहीत होतं आणि तिलाही. आम्ही किराणा दुकानवाली माणसं. आडनाव कळल्याशिवाय आमच्या सासूबाई जिन्याची किल्ली काढत नसत, तीच सवय मला लागलेली. तिनं आडनावासकट नाव सांगितलं, अगदी सावकाश, शाळेत हजेरी देतात तसं. आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "काकू, तुमच्या जिन्याले कठडा नाई. माही पोरगी तीन वर्षांची आहे. कठडा लावून द्या, मी उद्याच सामान आणते."

माझे यजमान खुर्चीत पेपर वाचत होते. ते पेपराआडूनच म्हणाले, "लावून देऊ." झालं. आडनावाचा विषय तिथंच संपला. मला मात्र तो पुढं पुष्कळ वर्षं टोचत राहिला, ती गोष्ट वेगळी.

उंच, सडसडीत, एक घट्ट वेणी, आणि छातीवर उलटं टांगलेलं घड्याळ. बोलणं कमी नव्हतं, पण त्यात कामाचं आधी आणि बाकीचं मागून. रोज ड्यूटीला निघताना ती दारात उभी राहून नवऱ्याला सगळं सोपवून जायची. दवाखान्यात एक सिस्टर दुसरीला पेशंट सोपवते ना, तसं. "दूध तापवलं. मैत्रीचं नाक वाहून राह्यलं, ताप नाई. पाण्याची टाकी भरायची राह्यली. मैत्रीची वही सापडली नाई." मैत्री म्हणजे पोरगी. विलास, म्हणजे तिचा नवरा, वायरिंगची कामं करायचा. तो दाढी करता करता म्हणायचा, "समजलं सिस्टर. पेशंट नॉर्मल आहे." तरी ती त्याच्याकडून सगळं एकदा परत म्हणवून घ्यायची. त्यानं म्हटल्याशिवाय जिना उतरायची नाही.

दुसऱ्या वर्षी आमच्या यजमानांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धं गेलं. मुलं आमची लांब, दोघंही येऊन चार-चार दिवस राहून गेली. मग मी आणि हे. पहिल्या आठवड्यात मी नुसती रडत होते आणि त्यांना भरवत होते, दुसरं काही सुचत नव्हतं. करुणा सकाळी खाली आली, म्हणाली, "काकू, सांगा." मी सुरू केलं, रात्री असं झालं, तसं झालं, चहा दिला, तोंड पुसलं. तिनं हात वर केला. "झालेलं सोडा. राह्यलेलं सांगा."

मला रागच आला होता. पण सांगायला बसले तर कळलं की राहिलेलं फार आहे. पाठ पाहायची राहिली. टाचा पाहायच्या राहिल्या. दुपारची गोळी आणायची राहिली. तिनं मला आडवी चादर घालून एकटीनं कूस बदलायला शिकवली. दर दोन तासांनी, गजर लावून. "तुमची कंबर नाई वापरायची काकू, चादर वापरायची." पावणेदोन वर्षं आमचे हे अंथरुणात होते आणि पाठीला एक फोड आला नाही. डॉक्टर पाहायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, "घरी नर्स ठेवली का?" मी म्हटलं, नाही, मीच. ते मी कोणत्या तोऱ्यात म्हटलं असेन देव जाणे. ह्यांना नीट बोलता येत नव्हतं, तरी करुणा आत आली की डावा हात सलामासारखा कपाळाला लावायचे आणि म्हणायचे, "हवालदार." ती म्हणायची, "हवालदाराची गोळी घ्या आधी."

ते गेले त्या दिवशी घरात पन्नास माणसं होती आणि प्रत्येकाजवळ मला सांगायला काही ना काही होतं. करुणा कुणात बसली नाही. तिनं त्यांची खोली आवरली, औषधं एका पिशवीत भरून बाजूला नेली, चादरी भिजवल्या. संध्याकाळी मी आत गेले तर नुसता स्वच्छ पलंग. मला त्या पलंगावर बसून रडता आलं. तेवढं त्या दिवशी दुसऱ्या कुणालाच सुचलं नव्हतं.

फौजेचं खूळ तिच्या डोक्यात कसं आलं ते सांगते. तिच्याबरोबर शिकलेली एक केरळची मैत्रीण तिकडं गेली होती. तिनं कळवलं, आपल्यासारख्या, पूर्वी इंग्रजांचं राज्य असलेल्या देशातल्या माणसांना तिकडच्या फौजेत घेतात, नर्सनाही घेतात, राहायला घर देतात, मागाहून नवरा-मुलांना नेता येतं. करुणानं आधी इंग्रजीची परीक्षा दिली, मग तिकडच्या नर्सिंगची. मी विचारलं, "जायचं तर साध्या दवाखान्यात जा ना, फौज काऊन?" ती म्हणाली, "काकू, इथं बारा वर्षं झाली. अजूनही पेशंटचा भाऊ चुटकी वाजवून बोलावते. तिथं खांद्यावर फीत असते. फितीले चुटकी नाई वाजवत कोणी." वर म्हणाली, "अन् मले पळायचं आहे. शाळेत मी पळायची. नंतर कोणी पळू दिलं नाई."

मग ती पळू लागली. फौजेत घ्यायच्या आधी पळवून पाहतात म्हणे, पाठीवर वजन देऊन. पहाटे ती पवनारच्या रस्त्याला लागायची. पाठीला मैत्रीचं जुनं दप्तर, दप्तरात आमच्याच दुकानातल्या तुरीच्या डाळीच्या पिशव्या. मागं विलास स्कूटरवर, हातात घड्याळ. त्याच्या मागं मैत्री, अर्धी झोपेत. रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस विचारायचा, "सिस्टर, बस चुकली का?" एका शेतकऱ्यानं तर बैलबंडी थांबवली, म्हणाला, "बसा ना बाई, नवरा काऊन पळवून राह्यला तुमाले?" विलास बिचारा दिवसभर ज्याला त्याला समजावत राहिला की मी पळवत नाही, ती पळते.

चौकातल्या टपरीवर विलासचीही कमी चेष्टा झाली नाही. "काय विलासभाऊ, फौजीची बायको होता म्हणे तुम्ही?" तो म्हणायचा, "होतो ना. क्वार्टर भेटते, रेशन भेटते, बायको महिनोन्महिने बाहेर राहते. तुमच्या नशिबात आहे का?" मनानं फार मोकळा माणूस. त्याच्या आईवडिलांचं कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे विचारायचं राहिलं ते एकालाच. करुणाच्या बाबूजींना.

बाबूजी पुलगावचे. दारूगोळ्याच्या डेपोत आग विझवणाऱ्या दलात उभी नोकरी झालेली. करुणा चार वर्षांची असताना तिची आई गेली. ह्या माणसानं दुसरं लग्न केलं नाही, पोरीची वेणीसुद्धा स्वतः घातली. ड्यूटीवर आत जाताना रोज अंगझडती व्हायची, माचिस-विडी काही नाही ना म्हणून. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी ते आमच्या फाटकाशी आले की दोन्ही हात आडवे पसरून क्षणभर उभे राहत. कोणी तपासायला येत नाही हे लक्षात आलं की स्वतःच हसत आणि आत येत. मैत्री धावत जाऊन त्यांचे खिसे चाचपायची, त्यात शेंगदाण्याची चिक्की सापडायची.

त्या घरात शपथ म्हणजे खेळ नव्हता. बाबूजींच्या वडिलांनी छप्पनच्या साली नागपूरला उभं राहून बावीस प्रतिज्ञा घेतल्या होत्या, त्या बाबूजींना तोंडपाठ. डेपोत रोज सकाळी सुरक्षेची शपथ. करुणाची नर्सिंगची, दिवा हातात धरून घेतलेली. मैत्री शाळेत संविधानाची उद्देशिका म्हणायची आणि घरी येऊन जिन्यावर पुन्हा म्हणायची, माझ्या तर कानातच बसली होती.

आणि एका रविवारी करुणानं बाबूजींना सांगितलं की तिची निवड झाली, आता होकाराचा कागद पंधरा दिवसांत पाठवायचा, तिथं गेल्यावर तिथल्या राजाशी इमानानं राहीन अशी शपथ घ्यावी लागेल.

आम्ही सगळे खाली माझ्याच बैठकीत होतो. बाबूजींनी कप खाली ठेवला. "राजाची? आपल्या घरात?"

विलास म्हणाला, "बाबूजी, ते नुसतं तोंडानं म्हणायचं असते."

"नुसती तोंडानं म्हणायची शपथ मी आजवर घेतली नाई, जावईबापू."

मला वाटलं एवढंच असेल. राजा नको, परका देश नको. मी म्हणणारही होते, की अहो बाबूजी, कामाचा कागद आहे. पण ते करुणाकडं वळले. "राजाचं सोड. मले एक सांग. उद्या त्यांच्या फौजेनं कुठं जाऊन कोणाले मारलं. त्यांचा माणूस जखमी होऊन तुझ्यापाशी आला. त्याले तू नीट करशील. नीट झाला की तो पुन्हा जाईन. अन् त्यानं ज्याले मारलं, त्याले कोण बांधीन?"

इतके दिवस करुणाला सगळे विचारत होते की थंडी सोसेल का, जेवण जमेल का. हे कुणी विचारलं नव्हतं. आणि मग तिच्या तोंडून निघून गेलं, "बाबा, तुम्ही जनमभर त्या डेपोतल्या गोदामांले आगीपासून राखलं. त्यातला माल कुठं जाऊन पडला, विचारलं का कधी?"

बाबूजींनी कपातला चहा संपवला, चपला घातल्या. मैत्री म्हणाली, "आजोबा, जेवायचं राहिलं." ते म्हणाले, "पुढच्या बारीले बेटा." आणि बसस्टँडवर गेले.

पुढचे दिवस वरच्या मजल्यावरून आवाजच येईना. सकाळचं सोपवणं चालू होतं, पण कसं तर, "दूध. टाकी. वही." पळणं बंद. मी एकदा वर गेले तर कागद देव्हाऱ्यात ठेवावा तसा बुद्धाच्या तसबिरीपुढं ठेवलेला. मी म्हटलं, "अगं, पाठव ना. बाबूजी येतील रुळावर." ती म्हणाली, "त्यांनी हो म्हटल्याबिगर नाई, काकू. आईनं मले त्यांच्या हाती सोपवलं अन् ती गेली. त्यांनी पुढं कोणाच्याच हाती दिलं नाई. आता मीच हात सोडवून पळून गेली असं नको." विलासनं पुलगावला दोन फेऱ्या मारल्या. बाबूजी त्याला जेवू घालत, आणि शेतीचं, पावसाचं बोलत. त्या विषयाचं अवाक्षर नाही.

तेराव्या दिवशी सकाळी मी अंगणात झाडत होते. फाटक वाजलं. बाबूजी. त्या दिवशी त्यांनी हात पसरले नाहीत, सरळ आत आले आणि म्हणाले, "वहिनी, पोरगी निघाली का ड्यूटीले?" ती जिन्यावरच होती, पांढरा ड्रेस, खांद्याला पिशवी. तिथंच थबकली.

बाबूजींनी खिशातून वहीचा कागद काढला. पेन्सिलीनं लिहिलेला, दोन ठिकाणी खोडलेला. "तू विचारलं ते बरोबर विचारलं," ते म्हणाले. "मी नाई विचारलं कधी. आग लागू दिली नाई, माणसं वाचली, एवढ्यातच खूश राह्यलो. म्हणून तुझ्याकडून आधी म्हणवून घेऊन राह्यलो. राजाची घेजो. पण आधी माही."

ती खाली उतरली. पिशवी माझ्याकडं दिली. विलास अर्धी दाढी केलेला तसाच वरून आला, मागं मैत्री. अंगणात ती बाबूजींसमोर उभी राहिली आणि उजवा हात वर केला. ते एकेक ओळ वाचत आणि ती म्हणे.

"माझ्यापुढं आलेला माणूस जखमी आहे, एवढंच मी पाहीन."

"तो कोणाकडून लढला, हे विचारणार नाही."

"त्याचं नाव, आडनाव, देश, देव विचारणार नाही."

इथं मी खराटा उचलून उगीच कोपरा झाडू लागले. वर पाहायची माझी हिंमत नव्हती. पण करुणाचा आवाज तिथं कापला नाही, उलट थोडा हसरा झाला. ते मला समजलं.

"साहेबानं विचारायला लावलं, तर आधी पट्टी बांधीन, मग उत्तर देईन."

शेवटची ओळ बाबूजींनी कागदाकडं न पाहताच म्हटली. "आणि थकले, तर थकले म्हणून सांगीन."

एवढी शहाणी बाई, तिला ही शेवटची ओळ म्हणता येईना. दोनदा सुरुवात केली. मैत्री म्हणाली, "आई, म्हण ना, सोपी तर आहे." मग म्हणाली ती. ड्यूटीच्या पेनानं खाली सही केली. बाबूजींनी साक्षीदार म्हणून माझीही सही घेतली, कागदाची घडी घातली, बसच्या पासाच्या पाकिटात ठेवली आणि म्हणाले, "जाय. लेट होशील." कुठं जाय म्हणाले, दवाखान्यात की इंग्लंडात, ते तिनं विचारलं नाही. संध्याकाळी कागद गेला.

पुढचं भराभर झालं. आधी ती एकटी गेली ट्रेनिंगला. विलास आणि मैत्री जवळजवळ वर्षभर माझ्याकडंच जेवत होते, कारण विलासच्या हातचं वरण म्हणजे दिव्य होतं. मग सुट्टी घेऊन आली आणि दोघांना घेऊन गेली. बाबूजींना नेता येत नव्हतं, यादीत नवरा आणि लेकरूच बसतं म्हणे, आणि बाबूजी म्हणाले, यादीत बसलो असतो तरी आलो नसतो, माही थंडीशी दुश्मनी आहे. निघायच्या दिवशी करुणा माझ्या पाया पडली. मी काहीतरी बोलणार होते, सहा वर्षांचं सगळं, त्या पहिल्या दिवसाचंही. ती म्हणाली, "काकू, झालेलं सोडा." आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली थोडा वेळ. मी तिला काही दिलं असेल तर दोन खोल्या आणि एक कठडा. तिनं माझ्या माणसाचे शेवटचे दिवस धड ठेवले आणि मला माझ्याच घरात कामाची केलं. हे लिहून तरी ठेवावं म्हणून हा कागद घेऊन बसले.

बाबूजी अजून येतात, महिन्यातून एखाद्या रविवारी. त्यांच्याकडं बटणाचा फोन, त्यात आवाज येतो, फोटो येत नाही. गेल्या महिन्यात करुणानं माझ्या फोनवर फोटो पाठवला. तिथलं शपथेचं संचलन झालं तेव्हाचा, इतके दिवस तिनं तो कुणालाच पाठवला नव्हता. खाली लिहिलं होतं, "बाबांना दाखवायचा की नाही ते तुम्ही ठरवा." मी आठ दिवस ठरवलंच नाही. टोपीवर त्यांच्या राजाचा मुकुट, छातीवर चकचकीत बटणं. वाटलं, म्हाताऱ्या माणसाच्या मनाला कशाला.

पण रविवारी ते चहा घेत होते आणि मला राहवलं नाही. फोन पुढं धरला. त्यांनी चष्मा पुसला, फोन दोन्ही हातांत घेतला. कसं मोठं करायचं ते मी दाखवलं, तसं दोन बोटांनी मोठं केलं. टोपी गेली, बटणं गेली, नुसता चेहरा राहिला. पुष्कळ वेळ पाहत होते. चहावर साय आली.

"बारीक झाली," ते म्हणाले.

मी म्हटलं, "पळते ना रोज."

त्यांनी मान हलवली, ते त्यांना पटलेलं नव्हतं. फोन काही परत दिला नाही. मग म्हणाले, "वहिनी, तिकडं ज्वारी भेटते का हो?"